जॉयस्टिकची चौकट फिरती हवी

घाटकोपर किंवा अंधेरी येथील मोठ्या मॉलच्या वरच्या मजल्यावर, मुलुंड-बोरिवलीकडील नव्या गृहसंकुलांच्या क्लबहाउसमध्ये आणि क्वचित एखाद्या हौशी गृहस्थाच्या दिवाणखान्यातही अलीकडे जुन्या धाटणीची व्हिडिओ गेमची उभी कपाटे पुन्हा दिसू लागली आहेत, आणि एकाच यंत्रात शेकडो, क्वचित हजारो खेळ सामावल्याची ग्वाही त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत दिलेली असते. ही ग्वाही खोटी नसते. यंत्राच्या पोटातील बोर्डावर तेवढे खेळ खरोखरच असतात. परंतु त्या सगळ्यांवर अंमल चालवणारा दांडा खेळाडूच्या वाट्याला एकच येतो, आणि तो बहुधा आठही दिशांना कायमचा मोकळा सोडलेला असतो. ज्या खेळांची रचनाच मुळी चार दिशांवर बेतलेली आहे, ते खेळ अशा दांड्याने नीट खेळता येत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की, जेथे पैसे घेऊन एकाच कपाटावर अनेक खेळ खेळू दिले जातात, तेथे जॉयस्टिकखालची चौकट चार आणि आठ दिशांमध्ये फिरवता येईल अशी असली पाहिजे, आणि ती फिरवण्याची मुभा गिऱ्हाइकाला नसली तरी निदान तेथे उभ्या असलेल्या नोकराला असली पाहिजे.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल, तर त्याच्याशी कज्जा करण्याचे मला कारण नाही. तो क्षुल्लकच आहे. परंतु ज्या शहरात लोकलच्या डब्यातील चौथ्या सीटवरून न्यायान्यायाचा खल अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत चालू शकतो, त्या शहरात पैसे मोजून घेतलेल्या तीन मिनिटांच्या खेळावरून थोडा खल करायला हरकत नसावी. शिवाय या क्षुल्लक वस्तूच्या मागे कौशल्य आणि दैव यांच्यातील जो भेद उभा आहे, त्या भेदावर आपल्या कायद्याने शंभराहून अधिक वर्षे बरीच शाई खर्च केलेली आहे. त्याकडे पुढे येतो.

जॉयस्टिकचे अंतरंग ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. आपल्याला वरून दिसतो तो केवळ एक गोळा आणि त्याखालचा पोलादी दांडा. पण पॅनेल उलटे करून पाहिले म्हणजे असे आढळते की हा दांडा मध्यावर एका सांध्यात बसवलेला असून एक स्प्रिंग त्याला सतत सरळ उभा करू पाहत असते, आणि त्याच्या खालच्या टोकाभोवती चार बाजूंना चार मायक्रोस्विच, चार पहारेकऱ्यांसारखे, टपून बसलेले असतात. दांडा मध्यावर खिळलेला असल्यामुळे वर हात उजवीकडे गेला की खालचे टोक डावीकडे जाते आणि डावीकडचा स्विच दाबते. म्हणून उजवीकडे जाण्याच्या हुकमाची तार डावीकडच्या स्विचला जोडावी लागते, आणि नवख्या माणसाने हे ध्यानात न घेता जोडणी केली की पडद्यावरचा वीर उलटा चालू लागतो. तिरप्या दिशेसाठी निराळा स्विच नसतो. उजवा आणि वरचा असे दोन स्विच एकाच क्षणी दाबले गेले, तर त्यावरून उजवीकडे-वर अशा तिरप्या चालीचे अनुमान खेळाचा प्रोग्रॅम स्वतः करून घेतो. अर्थात ज्या प्रोग्रॅमला तिरपी चाल ठाऊक आहे तोच.

या सर्वांच्या तळाशी एक प्लास्टिकची चपटी चौकट स्क्रूने किंवा खाच्यांनी अडकवलेली असते. तिच्या मधोमध एक छिद्र असते आणि दांड्याचे खालचे टोक त्या छिद्राच्या कडेपलीकडे जाऊ शकत नाही. दिशांचे सगळे राजकारण या छिद्राच्या आकारात आहे. छिद्र चौरस असून त्याच्या बाजू चार स्विचांसमोर सरळ असतील तर दांडा आठ दिशांचा होतो. तोच चौरस ४५ अंशांनी फिरवून पतंगासारखा उभा केला, तर दांडा चार दिशांचा होतो. असे का व्हावे, हे शाळेतल्या भूमितीने समजते. समजण्यापुरते आकडे घेऊ. मध्यापासून चौरसाच्या बाजूपर्यंत टोकाला १० मिलिमीटर वाव आहे आणि स्विच ८ मिलिमीटरवर दाबला जातो असे धरले, तर सरळ चौरसात टोक कोपऱ्यात शिरल्यावर ते एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूलाही १० मिलिमीटर गेलेले असते, आणि दोन्ही स्विच दाबले जातात. चौरसाचा पतंग केल्यावर कोपरे नेमके वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे येतात, तेथला वाव १४ मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि एकेकटा स्विच निर्धास्तपणे दाबला जातो. परंतु तिरपे जाऊ पाहणारे टोक पतंगाच्या बाजूवर मध्येच अडते, आणि त्या ठिकाणी दोन्हीकडचे अंतर प्रत्येकी जेमतेम ७ मिलिमीटर भरत असल्यामुळे दोहोंपैकी एकही स्विच दाबला जात नाही. स्विचची बैठक ७ आणि १० यांच्या दरम्यान असली म्हणजे झाले. एकही तार न बदलता, एकही सुटा भाग न आणता, केवळ एका प्लास्टिकच्या तुकड्याला पाव वळणाच्या निम्म्याने फिरवल्याबरोबर एक यंत्र दुसरे होते, यातील बुद्धिचातुर्याचे कौतुक मला अद्याप ओसरलेले नाही. जपानच्या सान्वा कंपनीचा जेएलएफ या नावाचा जो दांडा जगभरच्या हौशी लोकांत प्रसिद्ध आहे, त्याच्या तळची चौकट अशीच फिरवता येते.

आता खेळांकडे वळू. नाम्को कंपनीचा पॅक-मॅन १९८० साली आला. तोरू इवातानी यांनी रचलेल्या त्या भूलभुलैयातील सर्व बोळ एकमेकांना काटकोनात मिळतात आणि तिरपा मार्ग म्हणून त्यात कोठेही नाही. त्यात मुरलेला खेळाडू वळण येण्याच्या किंचित आधीच दांडा पुढल्या दिशेला कलवून ठेवतो, कारण मागे लागलेल्या भुतांपेक्षा जी काही थोडी आघाडी मिळते ती वळणांवरच मिळते. दांडा आठ दिशांचा असेल तर हा आगाऊ कल कोपऱ्यात घसरतो, 'उजवीकडे' आणि 'वर' असे दोन हुकूम एकाच क्षणी आत पोचतात, आणि दोन धन्यांच्या आज्ञा एकदम ऐकण्याची ज्याला सवय नाही असा तो प्रोग्रॅम त्यांतला कोणता पाळील याचा भरवसा राहत नाही. निंटेंडोचा डाँकी काँग १९८१चा. शिगेरू मियामोतो यांच्या त्या खेळात पिंपांवरून उडी मारीत नायकाला शिडीशी यावे लागते आणि शिडीवर चढावे लागते. शिडीच्या पायथ्याशी येऊन दांडा वर ढकलताना हात किंचित तिरपा राहिला की तो बिचारा शिडी सोडून पुढे सरकतो किंवा जागीच घुटमळतो, आणि तेवढ्यात वरून पिंप येते. खेळणाऱ्याने चूक केलेली नसते. त्याच्या हाताने 'वर' हेच सांगितलेले असते.

याच्या उलट उदाहरण म्हणजे कॅपकॉमचा १९९१चा स्ट्रीट फायटर टू. हदोकेन नावाचा जो निळा अग्निगोळा फेकण्यासाठी उपनगरांतील एका पिढीने आपली मनगटे झिजवली, तो फेकण्याची रीत अशी की दांडा खाली न्यायचा, तेथून तिरपा पुढे आणायचा, मग सरळ पुढे ढकलायचा आणि त्याच वेळी ठोशाचे बटण दाबायचे. मधली तिरपी पायरी गाळली की गोळा निघत नाही. पतंगाच्या चौकटीवर हा खेळ म्हणजे हात बांधून कुस्ती होय. १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, जो त्यातील मुस्तफा कैरो या पात्रामुळे आपल्याकडे सरसकट 'मुस्तफा' याच नावाने ओळखला गेला आणि ज्याचे मूळ नाव बहुतेक खेळणाऱ्यांना कधी ठाऊकही झाले नाही, त्यातही रस्त्यावरून तिरपे चालत जाऊन शत्रूच्या मागे पोचणे हे अर्धे युद्ध असते. तेव्हा आठ दिशा वाईट आणि चार चांगल्या असा पक्ष मी मांडीत नाही. प्रत्येक खेळाला त्याची चौकट मिळावी, एवढेच.

पूर्वी ही अडचण फारशी जाणवली नाही, याचे कारण आर्थिक होते. आरंभीच्या काळात एका कपाटात एकच खेळ असे आणि त्याचा दांडा कारखान्यातूनच त्या खेळाजोगा बसवून येई. जपानी यंत्र-उत्पादकांच्या संघाने १९८५ च्या सुमारास जामा या नावाची ५६ टोकांची जोडणी प्रमाण म्हणून ठरवल्यावर मात्र कपाट तेच ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलण्याची सोय झाली, आणि पार्लरच्या मालकांनी तिचा लाभ घेतला नसता तरच नवल. नव्वदच्या दशकात आपल्या उपनगरांत स्टेशनाजवळच्या गल्ल्यांतून, सोसायट्यांच्या तळमजल्यावरच्या एखाद्या चिंचोळ्या गाळ्यातून, पडदा टाकून अंधार केलेली जी व्हिडिओ गेम पार्लरे फोफावली, त्यांचा भर मारामारीच्या आणि धावपळीच्या खेळांवर होता. त्या खेळांना आठ दिशा लागत, म्हणून सर्व दांडे आठ दिशांचे असत आणि कोणाची तक्रार नसे. टोकन काचेच्या कडेला ठेवून नंबर लावणाऱ्या त्या मुलांना चौकट ही वस्तू ठाऊक नव्हती, पण कोणत्या यंत्राचा दांडा 'ढिला' आहे आणि कोणत्या यंत्रावर डावीकडून खेळायला बसणे हिताचे आहे, याची त्यांची माहिती कोणत्याही सरकारी निरीक्षकापेक्षा अधिक खात्रीची होती. पुढे गाळ्यांची भाडी वाढली, घरोघर टीव्हीला जोडायचे खेळ आले, सायबर कॅफे आले, मोबाइल आला आणि पार्लरे गेली. मधल्या काळात, १९९७ साली, जुन्या यंत्रांचे अंतरंग संगणकात हुबेहूब उभे करणारा मेम हा प्रोग्रॅम निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनी प्रसृत केला. त्यातून पॅक-मॅन आणि स्ट्रीट फायटर एकाच कपाटात शेजारी नांदू लागले, आणि दोघांना एकच दांडा वाटून घेणे प्राप्त झाले. आजच्या 'हजारो खेळां'च्या कपाटांचे कूळ हे असे आहे.

आता कायद्याचे. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचे १३वे कलम असे सांगते की केवळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. पुढे रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ठरवले, घोड्यांची शर्यत कौशल्याची असे १९९६ साली ठरवले, आणि या दोहोंच्या दरम्यान, १९९५च्या एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, खुद्द व्हिडिओ गेम पार्लरांचाच प्रश्न त्याच्यापुढे आला. काही यंत्रांवरचे खेळ दैवाचे किंवा दैव आणि कौशल्य यांच्या मिश्रणाचे आहेत, सबब पार्लरांना परवान्याच्या बंधनात ठेवणे योग्यच आहे, असा निकाल झाला. आपल्याकडे १९५१च्या पोलीस कायद्याखाली आणि सार्वजनिक करमणुकीच्या स्थानांसाठी १९६०मध्ये केलेल्या नियमांखाली परवाना घ्यावा लागे, तर १९२३च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याखाली शुल्क भरावे लागे, ते २०१७च्या जुलैत वस्तू व सेवा करात विलीन होईपर्यंत. मुंबई उपनगर जिल्हा १९९०च्या १ ऑक्टोबरला निराळा झाल्यावर त्याचे दफ्तर वांद्र्याला आले, आणि अंधेरी, बोरिवली, कुर्ला या तिन्ही तालुक्यांतील शुल्काची वसुली त्या दफ्तराकडे गेली. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली आणि त्या क्षेत्रापुरता तरी कौशल्य-दैवाचा हा जुना वाद गुंडाळून ठेवला. परवाना, शुल्क, कुलूप लावण्याची वेळ, अग्निशमनाचा बंदोबस्त या सगळ्याची खातरजमा या कायदेकानूंत आहे. मात्र ज्या वस्तूच्या साहाय्याने खेळणारा आपले कौशल्य यंत्राला कळवतो, ती वस्तू त्याचे म्हणणे इमानाने पोचवते की नाही, हे पाहण्याची तजवीज त्यांत कोठे नाही.

माझा मुद्दा येथे आहे. चार दिशांच्या खेळाला आठ दिशांचा दांडा लावला म्हणजे हाताने दिलेला हुकूम आणि पडद्यावर घडणारी चाल यांच्यामध्ये एक अनिश्चितता शिरते; वळण घेतले जाईल किंवा घेतले जाणार नाही, शिडी लाभेल किंवा हुकेल, आणि यातले काय होईल हे खेळणाऱ्याच्या अभ्यासावर अवलंबून राहत नाही. कायद्याच्या परिभाषेत बोलायचे तर कौशल्याचा खेळ तेवढ्या प्रमाणात दैवाचा झाला. तो जुगार झाला असे म्हणण्याइतका मी उतावीळ नाही, कारण येथे पैजेचा संबंध नाही. परंतु ज्याने कौशल्य दाखवण्याच्या संधीचे पैसे भरले त्याला दैवाची सोडत मिळाली, तर तो व्यवहार मापात नाही. किराणा दुकानातील तराजूवर ठरावीक मुदतीने वैधमापनाचा शिक्का आपण मागतो, तो दुकानदार लबाड असतो म्हणून नव्हे. काटा कोणाच्याही नकळत बिघडू शकतो म्हणून मागतो. जॉयस्टिकवर शिक्का मारायला निरीक्षक नेमावा अशी सूचना मात्र कृपा करून कोणी करू नये. आणखी एक दफ्तर, आणखी एक हप्ता, एवढेच त्यातून निष्पन्न होईल.

उपाय गाळ्यातला आहे. सर्वांत साधा प्रकार म्हणजे पॅनेल बिजागरीवर बसवायचे आणि खेळ बदलला की खालून हात घालून चौकट फिरवायची. हे घरी ठीक आहे, रांग लागलेल्या ठिकाणी नाही. दुसरा प्रकार, वरूनच दांडा किंचित उचलून पिळायचा आणि तेवढ्याने आतली चौकट बदलायची. असे दांडे तयार मिळतात. तिसरा प्रकार ब्रिटनमधील अल्टिमार्क या लहानशा कंपनीने बाजारात आणला. त्यात चौकटीला एक छोटी मोटर जोडलेली असून निवडलेल्या खेळाप्रमाणे संगणक स्वतःच ती फिरवतो. आणि चौथा प्रकार निव्वळ विद्युत्शास्त्राचा: चार तारा एका छोट्या बोर्डातून न्यायच्या आणि दोन स्विच एकदम दाबले गेले तर त्यांपैकी नंतर आलेला हुकूम तेवढा पुढे पाठवायचा. हा चौथा मार्ग स्वस्त आहे, त्याला हलणारा भाग नाही, आणि कपाट बांधणारे लोक, मुळात काही करणारच असतील तर, तोच पत्करतील हे मला दिसते. तरीही माझा कौल चौकटीला आहे. चौकटीची भिंत हाताला जाणवते. दांडा पतंगाच्या कोपऱ्यात शिरला म्हणजे 'वर' गेल्याची खात्री बोटांना डोळ्यांच्या आधी होते. बोर्डाच्या गाळणीत ती खात्री नाही, तेथे हात भलतीकडे भटकत राहतो आणि आतला कारकून त्याच्या अर्जांची परस्पर विल्हेवाट लावीत राहतो.

परदेशी माल मागवण्याचीही गरज नाही. साकीनाका आणि मरोळच्या औद्योगिक गाळ्यांत मिलिंग, लेथ आणि लेसर-कटिंगची कामे करणारे हात आहेत. मायक्रोस्विच, तारा आणि टोके लॅमिंग्टन रोडवर आजही सहज मिळतात. तळाची चौकट मोजून घ्यायची, तिचीच प्रतिकृती नायलॉन किंवा डेल्रिनच्या पाच मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून कापून घ्यायची, तिला एक आखूड दांडी काढायची, आणि त्या दांडीला सायकलच्या ब्रेकची तार बांधून पॅनेलच्या कडेला एक लहानसा खटका बसवायचा, म्हणजे झाले. ॲक्रिलिक दिसायला सुबक असते, पण ते वापरू नये. पोरांच्या हाताखाली त्याचे कोपरे तडकतात. फिरणाऱ्या चौकटीला दोन्ही टोकांना पक्का थांबा हवा आणि तेथे ती डळमळू नये म्हणून स्प्रिंगची गोळी हवी, कारण ४५ ऐवजी ४० अंशांवर राहिलेली चौकट धड चार दिशांची नसते आणि धड आठांचीही नसते.

काम बरोबर झाले की नाही याची परीक्षा फार सोपी आणि फार मनोहर आहे. चार स्विचांना चार छोटे एलईडी जोडावेत आणि दांडा कडेला टेकवून सावकाश गोल फिरवावा. आठ दिशांच्या बैठकीत एक दिवा लागतो, मग दोन, मग एक, मग दोन, असा अखंड उजेड चालू राहतो. चार दिशांच्या बैठकीत एक दिवा लागतो, विझतो, मध्ये क्षणभर काळोख होतो आणि मग पुढचा लागतो. तो काळोख नसेल, दोन दिवे कोठेही एकत्र लागत असतील, तर छिद्र मोठे झाले आहे. एखादा दिवा मुळीच लागत नसेल तर छिद्र लहान आहे किंवा स्विचची बैठक सरकली आहे. हे शिकायला पदवी लागत नाही. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या मुलांना एखाद्या दुपारी हा प्रयोग दिला, तर स्विच, भूमिती आणि न्याय या तिन्ही विषयांचा पाठ एका टेबलावर होऊन जाईल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की जुने खेळ खेळतो कोण, आणि ज्यांना दांड्यातला फरक कळत नाही त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला. वस्तुतः ज्याला फरक कळत नाही त्याच्यासाठीच तो अधिक करायला हवा; कळणारा मनुष्य दांडा एकदा हलवून पाहतो आणि उठून जातो, पण आठ वर्षांचे पोर शिडी हुकल्यावर आपल्यालाच खेळता येत नाही अशी समजूत करून घेते आणि त्याचे वडील मागे उभे राहून त्या समजुतीला दुजोरा देतात. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: हलणारा भाग वाढला की बिघाड वाढतो. हे खरे आहे. परंतु मायक्रोस्विच आणि स्प्रिंगही झिजतात, आणि ज्या पॅनेलच्या पोटात हात घालायची सोय मुळातच ठेवलेली नाही, त्याचा साधा स्विच बदलायचा झाला तरी कपाट आडवे पाडावे लागते. दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांसाठी पोर्टलही सुरू केले. वस्तू उघडता येणे, तिचा सुटा भाग मिळणे आणि तो बदलण्याची मनाई नसणे, हे त्या विचाराचे सार आहे. करमणुकीचे यंत्र त्या यादीत आहे की नाही, याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. चार स्क्रू काढून चौकट फिरवण्याला कोणत्याही यादीची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील ज्या गृहनिर्माण संस्था यंदा आपल्या क्लबहाउससाठी असे कपाट घेण्याच्या विचारात असतील, त्यांच्या चिटणिसांना माझी विनंती आहे. खेळांची संख्या विचारू नका. विक्रेत्याला पॅनेल उघडून दांड्याचा तळ दाखवायला सांगा. चौकट फिरत असेल तर खटक्याजवळ '४' आणि '८' असे ठळक आकडे लिहून घ्या आणि कोणत्या खेळाला कोणता आकडा, याची यादी कपाटाच्या बाजूला चिकटवा. चौकट फिरत नसेल तर ती बसवून मिळेपर्यंत पैशाचा शेवटचा हप्ता रोखून धरा. आणि विक्रेता तेही करीत नसेल, तर पॅक-मॅन आणि डाँकी काँग ही दोन नावे यादीतून काढून टाकायला लावा, म्हणजे यंत्र जे करू शकत नाही ते करण्याचे पैसे निदान पोरांकडून घेतले जाणार नाहीत.